बाळंतिणीच्या खोलीतला झरोका

विष्णुपंत मास्तर पेन्शनीत निघाले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांच्या डोक्यात खोलीचं खूळ शिरलं. माणूस पेन्शनीत निघाला की काहीतरी खूळ शिरतंच म्हणा. कुणी गुलाबाची कलमं लावतं, कुणी औषधाच्या साबूदाण्याएवढ्या गोळ्या गावभर वाटत सुटतं, कुणी उगाच पोस्टात जाऊन बसतं. मास्तरांनी प्रवरेकाठच्या अकोल्याच्या मराठी शाळेत तेहेतीस वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेतले. तेवढ्या वर्षांत हा माणूस निवांत बसलेला कुणी पाहिला नव्हता. आणि आता म्हणे, घरात विसाव्याची खोली करायची!

"मागची खोली रिकामीच आहे," ते जेवताना म्हणाले. "साफ करून घेऊ. भंडारदऱ्याला साहेबाच्या बंगल्यातलं जुनं सामान विकताहेत, तिथून एक आरामखुर्ची आणतो. भिंतींना नीळ घालून चुना लावू. नदीच्या अंगाला चांगली ऐसपैस खिडकी पाडू. दुपारची तुलाही पाठ टेकता येईल. तू कधी टेकतेस का?"

अंबिकाबाई ताक वाढत होत्या. थेंबभरसुद्धा ताक वाटीबाहेर गेलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या.

आता कुणालाही वाटेल, काय बाई तरी ही! त्या खोलीचं नाव काढलं तरी जिनं डोळ्यांना पदर लावायला हवा, ती नुसतं बरं म्हणते? पण गेली सहा वर्षं अंबिकाबाई सगळ्यालाच बरं म्हणत होत्या. भाच्याचं लग्न ठरलं, बरं. गाय आटली, बरं. जावयानं दुसरं लग्न केलं, बरं. लढाई संपली असं मास्तरांनी पेपर वाचून सांगितलं, तेव्हाही बरं. लोक म्हणायचे, बाईनं दुःख गिळलं हो! कसलं गिळलंय? दुःख झालं असतं तर सुटल्या असत्या बिचाऱ्या. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी तो पाय आपला वाटत नाही, तसं त्यांचं आतलं सगळं होऊन बसलं होतं.

मागची खोली म्हणजे बाळंतिणीची खोली. घर मास्तरांनी स्वतःच बांधलेलं, तीन खोल्यांचं, साधं. ही खोली सगळ्यांत मागे, बुटकी, दिवसाही दिवा लागेल इतकी अंधारी. भिंती दगडमातीच्या, दीड हात जाड. नदीच्या बाजूला छातीच्या उंचीवर एक झरोका, वीतभर रुंद आणि तेवढाच उंच. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोली मुद्दाम अशी बांधलेली. त्यांची एकुलती एक मुलगी तिथंच जन्मली. मास्तरांनी हौसेनं तिचं नाव सुचित्रा ठेवलं. गावात असलं नाव कुणी ऐकलं नव्हतं, आजूबाजूच्या बाया तिला सुचीच म्हणायच्या.

सुचित्रा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि पौषात बाळंत झाली. मुलगा झाला. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा झाली. सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि टाक पाटावर ठेवला. सगळं कसं रीतीनं चाललं होतं. राहीबाई सुईण रोज सकाळी येऊन बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायची, शेकशेगडी करायची आणि जाताना रोज तेच बजावायची.

"काकू, रातच्याला शेगडी आत ठिवली तर झरोका तेवढा उघडा ऱ्हाऊ द्या. न्हाई तर शेगडी भाईर काढा. इसरू नका बरं का."

सातव्या दिवशी दिवेलागणीला प्रवरेवरून असा काही वारा सुटला की अंगणातल्या तुळशीलाही हुडहुडी भरावी. झरोक्यातून तो थेट बाजेवर येत होता. बाळाचं नाक लालबुंद झालं होतं. अंबिकाबाईंनी आपलं जुनं डाळिंबी लुगडं फाडलं, त्याचा बोळा केला आणि झरोक्यात कोंबला. कोंबताना तळहाताला वारा नुसता झोंबत होता. बोळा घट्ट बसला आणि वारा थांबला. त्यांनी मनाशी म्हटलं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, उजाडलं की काढू.

"आता कसं ऊबदार वाटतंय गं, आई," सुचित्रा म्हणाली.

शेगडीत कोळसे फुललेले होते. अंबिकाबाईंनी दार लोटलं आणि उंबऱ्याबाहेर अंथरूण टाकलं. सात दिवसांच्या जागरणानं शिणलेली बाई, त्या रात्री नेमकी गाढ झोपली.

सकाळी शेगडी विझलेली होती. आई आणि बाळ एकमेकांकडे तोंड करून निजलेली, दोघांचे गाल लाल. अंबिकाबाईंना आधी वाटलं, ऊब लागली म्हणून लाल झालेत. मग त्यांनी बाळाला उचललं.

दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी शेगडी पाहिली, छताकडे पाहिलं आणि विचारलं, "खोलीत हवा यायला जागा होती ना?"

"होती ना," मास्तर लगेच म्हणाले. "झरोका आहे. उघडाच असतो."

अंबिकाबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. चिमणीच्या उजेडात झरोक्याची जागा नुसती काळी दिसत होती, आत काय आहे ते कळत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं नाही. बाकीच्यांनी मग आपापल्या मतीप्रमाणे ठरवून टाकलं. कुणी सटवाईचा कोप म्हटलं, कुणी वात झाला म्हटलं, कुणी पौष महिन्यालाच दोष दिला. नवऱ्यानं भाबडेपणानं शब्द दिला आणि आपण तो खोटा पडू दिला नाही, एवढंच अंबिकाबाईंना समजलं. ती गोष्ट त्यांच्या घशात जी अडकली ती अडकलीच. त्या दिवसापासून त्यांना रडू आलं नाही.

बोळा काढून टाकायला सहा वर्षांत काय झालं होतं, असं कुणी विचारील. पण बोळा काढायचा म्हणजे आपण तो घातला होता हे पहिल्यांदा स्वतःशी म्हणायचं. ते काही त्यांना जमलं नाही. मास्तरांनीही त्या खोलीत फुटके माठ, मोडके पाट, जुने नकाशे असलं काहीबाही नेऊन टाकलं आणि दाराला कडी घातली. बाहेरच्या बाजूनं, परसात, त्याच भिंतीवर त्यांनी घेवड्याचा वेल चढवला. इतका माजला की झरोकाच काय, भिंतसुद्धा दिसेनाशी झाली. त्या वेलाला ते कुणाला हात लावू देत नसत, शेंगा स्वतः तोडून आणत. गंमत म्हणजे घेवड्याची भाजी ताटात आली की बाजूला सारत. अंबिकाबाईंनी कधी विचारलं नाही. आवडत नसेल, बरं.

तर अशी ती खोली, आणि तिथं आता विसावा घ्यायचा होता.

आठ दिवसांत भंडारदऱ्याहून बैलगाडीतून खुर्ची आली. सागवानी लाकूड, लांबच लांब हात, बसायला जाड कापड. मास्तरांनी ती ओटीवर ठेवली आणि तिच्यात बसून पाहिलं, पण पाठ काही टेकली नाही. मुलाखतीला आल्यासारखे गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

शनिवारी कानिफनाथ गवंडी जागा बघायला आला. तो मास्तरांचाच जुना विद्यार्थी, चौथीत तीनदा नापास झालेला. त्यामुळे त्याला मास्तरांबद्दल जरा जास्तच जिव्हाळा.

"आयतं भोक हाय की, मास्तर," तो आत डोकावून म्हणाला. "झरोक्यापासनंच फोडीत जातो. सोमवारी सकाळी येतो बगा. दोन दिसांत खिडकी."

"आधी मला बाहेरचा वेल काढू दे," मास्तर म्हणाले.

"आधी मला आतलं आवरू दे," अंबिकाबाई त्याच दमात म्हणाल्या.

कानिफनाथ हसला. "काढा की, आवरा की! दोघं बी नव्या नवरा-नवरीवानी हुरळलाय जनू!"

दोघंही हसले नाहीत. कानिफनाथाला वाटलं आपण जास्त बोललो, तो पागोटं सावरत निघून गेला.

रविवारी अंबिकाबाईंनी खोलीतलं सामान बाहेर काढलं. झरोक्याखालचे माठ तेवढे मुद्दाम ठेवले. मास्तर मदतीला आले तर म्हणाल्या, "त्या बाजूचं मी बघते." मास्तरही कधी नव्हे ते मुकाट मागे फिरले. दिवसभर अंबिकाबाईंच्या मनात एकच हिशेब चालू होता. सोमवारी कानिफनाथ पहार घालणार. बोळा बाहेर पडणार. डाळिंबी लुगडं मास्तर ओळखणार, कारण ते त्यांनीच संगमनेरहून आणलेलं. मग ते काय म्हणतील? ओरडणार नाहीत, तसा स्वभावच नव्हता. नुसते बघतील. हिच्याच हातचं अन्न सहा वर्षं खाल्लं आपण, असं म्हणत बघतील. अंबिकाबाईंना भीती वाटली, आणि वाटल्याचं त्यांनाच नवल वाटलं. इतक्या दिवसांत त्यांना दुसरं काहीच वाटलं नव्हतं.

सोमवारी उजाडताच मास्तर कोयता घेऊन परसात गेले. अंबिकाबाईंनी चहाचं आधण उतरवून ठेवलं आणि मागच्या खोलीत शिरल्या. माठ बाजूला केले. झरोक्यात हात घातला. काजळी आणि कोळिष्टकं हाताला लागली, त्यामागे कापड. कापड सुकून दगडासारखं झालं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. माती झडली, मुंग्या पळाल्या आणि बोळा बाहेर आला. काळा ठिक्कर, पण घडीच्या आत अजून डाळिंबी.

तो पदराखाली घेऊन त्या जाणार, तोच त्यांच्या ध्यानात आलं की झरोक्यातून उजेड येत नाहीये.

बोळा तर निघाला. मग उजेड का नाही? वेल असेल, पण वेलातूनसुद्धा चार कवडसे पडतातच की. त्यांनी पुन्हा हात घातला, कोपरापर्यंत. भिंतीच्या मधोमध पोकळी लागली आणि पोकळीच्या पलीकडे आणखी काहीतरी लागलं. मऊ. कापडच.

तेवढ्यात बाहेर पाला सळसळला. कोयता चालला, थांबला. आणि त्यांच्या बोटांखालचं ते कापड हललं. पलीकडून कुणीतरी ते ओढत होतं. त्यांनी चटकन हात मागे घेतला. कापड निसटलं आणि वीतभर उजेड आत पडला.

पलीकडे मास्तर उभे होते. हातात चुरगळलेलं उपरणं, लाल काठाचं, शाळेत जाताना रोज खांद्यावर टाकायचे ते. अंबिकाबाईंनी सहा वर्षांपूर्वी ते घरभर शोधलं होतं आणि परीट घेऊन गेला म्हणून परटिणीला बोल लावला होता. झरोका साफ झाला का ते बघायला मास्तर वाकले, आणि आत त्यांना बायको दिसली. छातीशी काळं लुगडं धरून उभी.

दोघांच्या मध्ये दीड हाताची भिंत.

"वारा फार होता त्या दिवशी," मास्तर म्हणाले.

"हो," अंबिकाबाई म्हणाल्या. "फार होता."

उघडाच असतो, असं डॉक्टरांना सांगणारे मास्तर भाबडे नव्हते तर! अंबिकाबाईंना हे कळायला थोडा वेळ लागला. घरात दोन माणसं, दोघांची एकच चूक, आणि सहा वर्षं एकमेकांपासून लपवत एकाच पंक्तीला जेवत होती. निम्मं निम्मं वाटून घेतलं असतं तर निदान उचलता आलं असतं. दोघांनीही अख्खं उचललं होतं.

"मास्तर! कुठनं सुरू करू?" दारातून कानिफनाथाची हाक आली. मास्तरांनी उपरणं सदऱ्याच्या आत खुपसलं. अंबिकाबाई लुगडं घेऊन चुलीपुढे गेल्या. ते चुलीत घालणार होत्या, पण घातलं नाही. घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर त्याच्यावर धुतलेलं उपरणं ठेवलेलं होतं.

खोली मात्र झकास झाली, कुणीही नावाजावी अशी. अडीच हात रुंद खिडकी, सागाची दारं. निळसर भिंती. खाली गादी, गादीवर तक्क्या, कोनाड्यात मास्तरांची पुस्तकं, पाण्याचा तांब्या. खिडकीतून थेट प्रवरेचं पात्र आणि पलीकडचे डोंगर. गावातली माणसं बघून जायची आणि म्हणायची, मास्तर, मजा आहे बुवा तुमची! रोज जेवणं झाली की मास्तर खुर्चीत आणि अंबिकाबाई गादीवर असे दोघं येऊन बसायचे. मास्तर पुस्तक उघडायचे, पान उलटायचे नाहीत. अंबिकाबाई वाती वळायच्या. झरोक्याचा विषय कुणी काढला नाही. विसावा म्हणतात तो हाच असेल, तर तो काही फारसा कठीण नव्हता. काही करायचं नाही आणि काही वाटून घ्यायचं नाही.

मग पौष आला.

ऐन दुपारीसुद्धा उन्हात जाऊन बसावं अशी थंडी. नदीवरचा वारा आता वीतभर झरोक्यातून नव्हे, अडीच हात खिडकीतून आत यायचा. मास्तर धाबळी गुंडाळून खुर्चीत बसत, नाकाचा शेंडा लाल, दात वाजताहेत. शेजारच्या गोजरबाई ताक मागायला आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

"अगं बाई! एवढी सागाची दारं कशाला बसवली मग? लावून घ्या की! कुडकुडायला का खोली बांधली?"

मास्तर सवयीनं उठले. खिडकीच्या दाराला हात लावला आणि हात तिथंच राहिला. त्यांनी बायकोकडे बघितलं.

"राहू द्या," अंबिकाबाई म्हणाल्या.

गोजरबाई ताक घेऊन, जगातल्या शहाण्या माणसांबद्दल काहीबाही पुटपुटत गेल्या. मास्तर खिडकीपाशीच उभे राहिले, पाठमोरे.

"तू केव्हा घातलं होतंस?" त्यांनी विचारलं.

कशाबद्दल ते सांगायची गरज नव्हती. अंबिकाबाईंनी वात खाली ठेवली. मास्तरांनी आपलं कधी घातलं असेल, ते त्यांनी गेल्या दोन महिन्यांत मनाशी शंभरदा मांडून पाहिलं होतं. त्या रात्री जेवण झाल्यावर मास्तर हात धुवायला परसात गेले होते आणि बराच वेळ आले नव्हते. म्हणजे ते नंतरचे. त्यांनी बाहेरून उपरणं कोंबलं तेव्हा आतून झरोका आधीच बंद होता. त्यांच्या उपरण्यानं काहीच झालं नव्हतं. जे झालं ते लुगड्यानं झालं. हे एकदा सांगितलं की मास्तर सुटणार होते, आणि आपण मात्र कायमच्या एकट्या पडणार होतो.

"दिवेलागणीला," त्या म्हणाल्या. "तुम्ही?"

मास्तरांनी खिडकीच्या दारावरचा हात काढून घेतला.

"मी त्याच्या आधी," ते म्हणाले. "शाळेतून आलो ना, तेव्हाच. पाच वाजता. तू घातलंस तेव्हा झरोका बंदच होता. तुझ्या घालण्यानं काही झालं नाही, समजलं ना?"

अंबिकाबाईंनी आपला उजवा तळहात बघितला. पाच वाजता झरोका बंद झाला असता, तर दिवेलागणीला त्या तळव्याला वारा झोंबला नसता. वारा झोंबला होता. बोळा बसेपर्यंत झोंबत होता. तेहेतीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारा हा माणूस आयुष्यात दोनदा खोटं बोलला होता. पहिल्यांदा डॉक्टरांशी, आणि आता.

मास्तर वळले. ओठ थंडीनं निळे पडले होते, पण चेहऱ्यावर मोठी आशा होती. आपला पाढा बिनचूक आला का म्हणून पोर जसं मास्तरांच्या तोंडाकडे बघतं, तसे ते बायकोकडे बघत होते.

"बरं," अंबिकाबाई म्हणाल्या.

आणि मग त्यांना रडू फुटलं. सहा वर्षांत न आलेलं, गादीवर ओणवं होऊन, तोंडात पदर कोंबून, अंग गदागदा हलवणारं रडू. सुचे, सुचे, एवढंच त्यातून ऐकू येत होतं. मास्तर जवळ येऊन जमिनीवर बसले. त्यांनी अंगावरची धाबळी काढून बायकोच्या पाठीवर टाकली. खिडकी दिवसभर उघडीच राहिली.